घरपट्टी किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा: सांगली-साताऱ्यात घर घेण्याआधीचा हिशेब

पुण्या-मुंबईची नोकरी संपवून सांगली-साताऱ्याकडे परतणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न फ्लॅटच्या भावाचा असतो, दुसरा पाण्याचा, आणि गाव सांगली असेल तर तिसरा पुराचा. घरपट्टीची आठवण बहुतेकांना टोकन देऊन झाल्यावर होते. मग फोन फिरतात. "तुमच्याकडे घरपट्टीचा दर किती टक्के आहे हो?" विश्रामबागेतला मेहुणा एक आकडा सांगतो, साताऱ्यातला मित्र दुसरा सांगतो, आणि माधवनगरचा चुलतभाऊ म्हणतो, "आमच्याकडं काय टक्के-बिक्के नाय, ग्रामपंचायत हाय. वर्षाला मामुली बसती."

तिघंही खरं बोलतात. तरी या तीन उत्तरांची तुलना होऊ शकत नाही, कारण एकाने किलोचा भाव सांगितला, दुसऱ्याने पाटीचा आणि तिसऱ्याने नगाचा. तिघांच्या पावत्या तीन वेगवेगळ्या कायद्यांखाली फाटलेल्या आहेत.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. तिला १९४९चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. सातारा, कराड, वाई, फलटण, विटा, तासगाव, आष्टा इथे नगरपरिषदा आहेत. कोरेगाव, कडेगाव अशा गावांत नगरपंचायती. या सगळ्यांना १९६५चा नगरपरिषदांचा अधिनियम. आणि शहराला अगदी खेटून असलेली माधवनगर, बुधगाव, हरिपूर किंवा साताऱ्याकडची कोडोली, क्षेत्र माहुली ही ग्रामपंचायतींची गावं १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली येतात. कधी कधी रस्त्याच्या अलीकडची इमारत एका कायद्यात आणि पलीकडची दुसऱ्या कायद्यात असते. बिल्डरच्या जाहिरातीत दोन्ही ठिकाणी 'सांगली' असंच लिहिलेलं असतं. म्हणून दर विचारण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: ही इमारत नेमकी कुणाच्या हद्दीत आहे? बांधकाम परवाना कुणी दिला हे त्याचं उत्तर नव्हे, कारण ग्रामपंचायत हद्दीतल्या मोठ्या बांधकामाला परवानगी दुसरं कार्यालय देतं. सध्याच्या घरपट्टीच्या पावतीवर वरच्या बाजूला कुणाचं नाव छापलंय ते बघा.

टक्के कशाचे?

महापालिका आणि नगरपरिषदेत आकारणीची जुनी, रुळलेली पद्धत भाडेमूल्याची आहे. तुमचं घर तुम्ही भाड्याने दिलं असतं तर वर्षाकाठी वाजवी भाडं किती आलं असतं, याचा अंदाज कर विभाग करतो. तुम्ही स्वतः त्यात राहत असलात तरी हा अंदाज होतोच. त्यासाठी शहराचे झोन पाडलेले असतात आणि बांधकामाच्या प्रकारानुसार, म्हणजे आरसीसी, लोडबेअरिंग, पत्रा, कौलारू असं, दर चौरस फुटाला किंवा चौरस मीटरला महिन्याचा भाडेदर ठरवलेला असतो. क्षेत्रफळ गुणिले हा दर गुणिले १२, हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट १० टक्के वजा करायचे, असं कायदाच सांगतो. उरलं ते करयोग्य मूल्य. टक्के लागतात ते या रकमेवर.

आता एक हिशेब मांडू. यातले आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते कुठल्याही शहराचे प्रत्यक्ष दर नाहीत. समजा, 'अ' शहरात ७०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. भाडेदर महिन्याला चौरस फुटाला दीड रुपया. महिन्याचे झाले १,०५० रुपये, वर्षाचे १२,६००. त्यातून १० टक्के, म्हणजे १,२६० वजा केले की करयोग्य मूल्य ११,३४० रुपये. सगळे कर मिळून ३५ टक्के धरले तर बिल ३,९६९ रुपये.

'ब' शहरात तेवढाच फ्लॅट, पण भाडेदर ९० पैसे. महिन्याचे ६३०, वर्षाचे ७,५६०, वजावटीनंतर ६,८०४ रुपये. इथे करांची बेरीज तब्बल ४८ टक्के. बिल? ३,२६६ रुपये.

म्हणजे ४८ टक्केवालं शहर ३५ टक्केवाल्या शहरापेक्षा वर्षाला सातशे रुपयांनी स्वस्त पडलं. फोनवर नुसते टक्के विचारणारा माणूस 'ब'कडे फिरकलाही नसता. टक्केवारी हा हिशेबातला शेवटचा आकडा असतो आणि तोच सगळ्यांच्या तोंडी असतो, कारण वर्तमानपत्रात तोच येतो. खरी किल्ली भाडेदराच्या तक्त्यात असते. कर विभागाच्या खिडकीवर "या भागातल्या आरसीसी निवासी इमारतीचा भाडेदर काय लावता?" असं विचारलं, की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. ग्राहक माहीतगार आहे हे त्याच्या लक्षात येतं.

ग्रामपंचायतीचं गणित अगदी निराळं. २०१५च्या नियमदुरुस्तीनंतर तिथे भांडवली मूल्यावर कर बसतो. जागेच्या क्षेत्रफळाला शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडीरेकनरमधला जमिनीचा दर लावायचा. बांधकामाच्या क्षेत्रफळाला बांधकामाचा दर लावून इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा धरायचा. दोन्हींची बेरीज वापराच्या भारांकाने गुणायची. राहत्या घराला हा भारांक १ असतो, दुकान-कारखान्याला जास्त. या भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे किती पैसे घ्यायचे, ते शासनाने दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत ग्रामपंचायत ठरवते. हो, पैसे. टक्के नव्हेत.

तोच ७०० चौरस फुटांचा फ्लॅट घेऊ. मीटरमध्ये सुमारे ६५. जमिनीचा दर ३,००० रुपये आणि बांधकामाचा २०,००० रुपये चौरस मीटरला धरला, घसाऱ्यानंतरचा गुणक ०.९५ धरला. जमिनीचे १,९५,००० आणि बांधकामाचे १२,३५,०००, एकूण १४,३०,००० रुपये. हजाराला १२० पैसे लावले तर कर १,७१६ रुपये. चुलतभाऊ 'मामुली' म्हणाला ते यामुळे. पण त्याच्या म्हणण्यात आणखी दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, हा नुसता घराचा कर झाला. दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी वेगळी लागते. घरात खासगी नळ असेल तर ती विशेष पाणीपट्टी असते आणि बऱ्याच गावांत घरपट्टीपेक्षा तीच जड जाते. दुसरी, रेडीरेकनरचा दर वाढला की पुढच्या फेरआकारणीत कर आपोआप वर सरकतो. शहराच्या वेशीवरच्या गावांत जमिनीचे दर कसे पळतात ते वेगळं सांगायला नको.

(महापालिकांनाही भांडवली मूल्याची पद्धत घेण्याची कायद्याने मुभा आहे. मुंबईने ती २०१० पासून घेतली. मुंबईहून येणाऱ्याने म्हणूनच आपलं जुनं बिल तुलनेला काढूच नये. त्यातून तिथल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झालेला आहे. दादर-लालबागच्या छोट्या घरातून आलेल्या माणसाला सांगलीचं चार हजारांचं बिल बघून ठसका लागतो तो त्यामुळे.)

शेजाऱ्याची पावती फसवते

घर बघायला गेल्यावर एजंट हमखास शेजारच्या घराची पावती दाखवतो. "हे बघा, वर्षाला बाराशे." पावती खरी असते, पण त्या घराची आकारणी कधी झाली आहे?

भाडेमूल्याच्या पद्धतीत घराची पहिली आकारणी ज्या वर्षी होते, त्या वर्षीचा दर त्याला चिकटतो. नव्या इमारतीला नवा दर. जुन्या घराचा दर फेरआकारणी होईपर्यंत तसाच राहतो. नगरपरिषदांनी दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी करावी असा कायदा आहे, 'चतुर्थ वार्षिक आकारणी' हा शब्द नगरपालिकेच्या नोटिशीत असतो तो हाच. ग्रामपंचायतीतही फेरआकारणीची मुदत चार वर्षांचीच. प्रत्यक्षात मात्र ती पुढे ढकलण्याकडेच कल असतो. निवडणूक तोंडावर आली की कुठल्या नगरसेवकाला घरपट्टी वाढवायची हौस असते? मग दहा-पंधरा वर्षं साचलेली वाढ एका दणक्यात येते, मोर्चे निघतात, स्थगिती येते, थोडी कपात होते आणि गाडी पुढे जाते.

त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच आकाराच्या दोन घरांच्या घरपट्टीत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो. सातारच्या पेठांमधला जुना वाडा आणि त्याला लागून उभा राहिलेला नवा अपार्टमेंट यांच्या पावत्या शेजारी ठेवल्या तर त्या एकाच गावच्या वाटणार नाहीत. तुम्ही नवा फ्लॅट घेणार असाल तर तुलना नव्या फ्लॅटशीच करा, शक्यतो त्याच इमारतीतल्या आकारणी झालेल्या फ्लॅटशी. जुनं घर घेत असाल तर शेवटची फेरआकारणी कुठल्या वर्षी झाली ते विचारा. बरीच वर्षं झाली नसेल, तर आजचा कमी कर ही सवलत नाही. ती वाढ तुमच्या नावावर येण्यासाठी थांबलेली आहे.

आणि वाढ येणारच, हे धरून चाला. महापालिकांची जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, २०१७ला जीएसटी आला. स्वतःच्या हक्काचं म्हणावं असं मोठं उत्पन्न शहरांकडे घरपट्टीचंच उरलं. त्यात १५व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली: मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या चालीने वाढवून दाखवा. दिल्लीचं अनुदान हवं असेल तर गल्लीतली पट्टी वाढवावी लागते, असा हा मामला आहे. ड्रोनने, घरोघर फिरून मोजणी करणाऱ्या खासगी एजन्स्या गावोगाव दिसतात त्या यामुळेच. वर काढलेली खोली, गच्चीवरचं पत्र्याचं शेड, बंदिस्त केलेली बाल्कनी, सगळं आता मोजलं जातं.

बिल हातात घेऊन

महापालिकेचं बिल एकदा नीट वाचून काढावं. 'घरपट्टी' असा एकच आकडा त्यात नसतो. सामान्य कर ही सगळ्यात मोठी ओळ. मग जललाभ कर किंवा पाणीपट्टी कर, मलनिस्सारण कर, साफसफाई, दिवाबत्ती किंवा रस्ता कर, महापालिकेचा शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर. त्याखाली दोन ओळी अशा असतात ज्यांचे पैसे महापालिकेकडे राहतच नाहीत: राज्य शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हे दोन्ही १९६२च्या कायद्याचे. राहत्या घराला शिक्षण कर भाडेमूल्याच्या पायऱ्यांनुसार २ ते ६ टक्के, दुकान-कचेरीला त्याच्या दुप्पट. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी वापराला. ग्रामपंचायतीच्या पावतीवर या ओळी नसतात. शहर आणि गाव यांच्या बेरजेतला काही फरक इथूनच येतो, त्याचा महापालिका महाग की स्वस्त याच्याशी संबंध नाही.

कुठल्या ओळी आत आहेत आणि कुठल्या वेगळ्या बिलावर, हे गावोगाव बदलतं. सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. सातारचंच बघा. कासच्या तलावाचं पाणी पिणाऱ्या जुन्या पेठांना नगरपालिकेचं पाणी, आणि सदर बझार-गोडोलीसारख्या भागाला जीवन प्राधिकरणाचं, म्हणजे राज्य शासनाच्या पाणीपुरवठा संस्थेचं. त्याचं बिल वेगळं, कार्यालय वेगळं. दोघं सातारकर आपापली 'घरपट्टी' सांगतात तेव्हा एकाच्या आकड्यात पाणी धरलेलं असतं, दुसऱ्याच्या नसतं. जललाभ कराचं आणखी एक: तो नळ घेतल्याबद्दल नसून तुमच्या भागात पाण्याची सोय आहे याबद्दल असतो. नळाचं बिल त्याशिवाय येतं. "दोनदा पाण्याचे पैसे का?" असं खिडकीवर भांडणारे रोज भेटतात.

म्हणून तुलनेची माझी रीत साधी आहे. प्रत्येक ठिकाणची घरपट्टी, पाणी आणि कचऱ्याचं शुल्क असेल तर ते, अशी वर्षाची एकूण रक्कम काढायची आणि फ्लॅटच्या चौरस फुटांनी भागायची. वरच्या उदाहरणात नुसती घरपट्टी धरली तर 'अ' शहरात चौरस फुटाला वर्षाचे ५ रुपये ६७ पैसे पडले, 'ब'मध्ये ४ रुपये ६७ पैसे, ग्रामपंचायतीत २ रुपये ४५ पैसे. मग त्यात पाणी घालायचं. ग्रामपंचायत हद्दीतल्या सोसायटीला एप्रिल-मेमध्ये टँकर लागत असेल, कचरा सोसायटीनेच माणूस लावून उचलायचा असेल, ड्रेनेज नसल्यामुळे सेप्टिक टँक उपसावा लागत असेल, तर ते पैसेही त्याच खात्यात धरायचे, कारण शहरातला माणूस त्याच गोष्टींसाठी घरपट्टी भरतोय. सोसायटीच्या मेंटेनन्सचं मागच्या दोन वर्षांचं पत्रक मागून घ्या. अडीच रुपयांचे पाच कधी होतात ते त्यात दिसेल.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र जपायला हवं. एकीकडे कार्पेट (भिंतींच्या आतलं), दुसरीकडे बिल्टअप (भिंतींसकट) आणि बिल्डरच्या तोंडी सुपर बिल्टअप (जिना-लिफ्टचा वाटाही धरून). आकारणी कुठल्या क्षेत्रफळावर झाली ते उताऱ्यावर लिहिलेलं असतं. महापालिकेत आणि नगरपालिकेत असेसमेंटचा उतारा, ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८. मागणीचा नमुना ९ आणि भरल्याची पावती नमुना १०. ग्रामपंचायत हद्दीत घर घेताना आठचा उतारा हातात घेतल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. त्यावर बांधकामाचा प्रकारही असतो. स्लॅबच्या घराची नोंद वर्षानुवर्षं 'दगड-विटांचे, कौलारू' अशी राहिलेली असते आणि मालक त्यातच खूश असतो. नोंद दुरुस्त झाली की नवा मालक कर भरतो.

पुण्याहून येणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्क्यांची सवलत मिळते. ती मध्यंतरी काढली गेली आणि २०२३मध्ये पुन्हा सुरू झाली. ती त्या शहरापुरती आहे. सांगलीच्या खिडकीवर "मी स्वतः राहणार आहे, माझे ४० टक्के?" असं विचारून उपयोग नाही. पुण्याचं बिल तुलनेला घ्यायचंच असेल तर सवलतीच्या आधीचा आकडा घ्या.

एक सवलत मात्र या दोन जिल्ह्यांत फार जणांना लागू पडते. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घरापुरती मालमत्ता कराची माफी दिली. ती शहरात आहे तशी ग्रामपंचायतीतही आहे. ज्या सातारा जिल्ह्यात घरोघर फौजी असलेलं अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे तिथे हे सांगावं लागू नये, पण लागतं. माफी आपोआप मिळत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कागद जोडून अर्ज करावा लागतो, आणि घर बदललं, गाव बदललं की नव्या ठिकाणी तो नव्याने करावा लागतो.

आज गाव, उद्या शहर

कमी घरपट्टीसाठी वेशीबाहेर घर घेणाऱ्याने एक शक्यता डोक्यात ठेवावी: हद्दवाढ. सातारा शहराची हद्द २०२० साली वाढली आणि शाहूपुरी, विलासपूरसारखे भाग नगरपालिकेत आले. ग्रामपंचायतीची पावती घेऊन राहायला गेलेली माणसं घर न हलवता शहरवासी झाली. अशा भागात शहराचा दर पहिल्याच वर्षी पूर्ण लावत नाहीत, टप्प्याटप्प्याने वर नेतात. त्यामुळे पहिली दोन वर्षं काही वाटत नाही आणि नंतर दरवर्षी बिल वाढलेलं दिसतं. रस्ते-गटारं त्या वेगाने येतात का, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारा. उत्तर चौकातल्या चहाच्या टपरीवर सविस्तर मिळेल.

सांगलीत मात्र घरपट्टीच्या फरकासाठी जागा निवडू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला दोन हजार वाचवणारं घर कृष्णेच्या पाण्याच्या वाटेत असेल तर तो हिशेब एका पुरात बुडतो. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. घर बघताना भिंतीवरचा रंग कुठल्या उंचीपर्यंत नवा आहे ते बघावं आणि २०१९ला पाणी कुठवर आलं होतं हे घरमालकाला नाही, समोरच्या दुकानदाराला विचारावं. घरपट्टी त्यानंतर.

थकबाकी घराबरोबर येते

मालमत्ता कराचा बोजा माणसावर बसतो तसाच मालमत्तेवरही बसतो. आधीच्या मालकाने पाच वर्षं कर भरला नसेल तर वसुलीची नोटीस त्या घराच्या दारावर चिकटेल, आणि दार आता तुमचं असेल. महापालिका-नगरपालिकेत थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. चार हजारांचं एक बिल तीन वर्षं पडून राहिलं तर सरळ हिशेबाने शास्तीच २,८८० रुपये. निवृत्तीनंतर राहायला येऊ म्हणून फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवणाऱ्यांचं हे नेहमीचं होतं. बिल बंद दाराच्या फटीत सारलेलं असतं आणि मालक पिंपरीत असतो. अधूनमधून शास्ती माफीच्या अभय योजना येतात, पण त्यांच्या भरवशावर थांबणं हा शहाणपणा नाही. ग्रामपंचायतीचा प्रकार सौम्य आहे: वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरलं तर ५ टक्के सूट, वर्ष उलटून गेलं तर ५ टक्के दंड.

बिलावर 'अनधिकृत बांधकाम शास्ती' अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. परवानगीशिवाय बांधलेल्या भागाला कराच्या दुप्पट दंड लावण्याची तरतूद कायद्यात आहे. आणि तो दंड वर्षानुवर्षं भरला तरी बांधकाम अधिकृत होत नाही. तसंच घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. "पावती माझ्या नावावर आहे" असं विकणारा म्हणाला, तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा मागा.

भाड्याने राहायला येणाऱ्यांना यातलं बरंच काही लागू नाही. कर भरण्याची पहिली जबाबदारी मालकाची. पण करारनाम्यात 'सर्व पालिका कर भाडेकरू भरेल' असं वाक्य घुसवलेलं असतं, ते सही करण्याआधी वाचा. घरात क्लास, दवाखाना किंवा पार्लर चालवायचा विचार असेल तर वापर बिगरनिवासी धरला जातो आणि दर बदलतात, तेही आधी बोलून घ्या.

खरेदी झाल्यावर तीन महिन्यांच्या आत कर विभागात हस्तांतरणाचा अर्ज द्यायचा असतो. खरेदीखताची प्रत, आधीच्या मालकाची थकबाकी नसल्याचा दाखला आणि ठरलेली फी. नाव लागेपर्यंत बिल जुन्या नावाने येतं आणि नोटिसाही जुन्या पत्त्यावर जातात. नाव लागलं की आकारणीचा तपशील मागून घ्या आणि क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर हे तीन रकाने ताडून बघा. चूक निघाली तर नोटिशीवर छापलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सुनावणीला जाताना मंजूर नकाशा आणि शक्य असेल तर त्याच इमारतीतल्या तशाच फ्लॅटचं बिल बरोबर न्या. अधिकाऱ्यासमोर शहराच्या रस्त्यांवर भाषण करून काही होत नाही; वरच्या मजल्यावरच्या त्याच मापाच्या फ्लॅटला कमी भाडेदर लागलाय हे कागदावर दाखवलं, की त्याला उत्तर द्यावं लागतं. महापालिकेचे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, बिलं पहिल्या सहामाहीची एप्रिलपासून आणि दुसरीची ऑक्टोबरपासून धरतात. तेव्हा व्यवहार जानेवारीत होत असेल तर जुनी पावती बघून भागणार नाही. मार्चमध्ये एकदा खिडकीवर चक्कर मारून नवा दर विचारून या.